सटवीची रात्र आणि बाळाचा डॉक्टर

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची जुनी रीत. सातव्या महिन्यात लेक घरी आली, की वडील बायका सुईणीला सांगून ठेवीत. कोणीच्या हाताला गुण आहे, रात्री-अपरात्री कोण धावून येईल, हे आधीच ठरे. पण बाळाला कोण पाहील, हे कोणी ठरवीत नसे. ते काम सटवीवर सोपविलेले!

पाचव्या-सहाव्या रात्री पाटा-वरवंटा मांडून पूजा करायची, दिवा विझू द्यायचा नाही, रात्रभर जागायचे. ह्या जागरणात फार मोठी भीती होती. नाळ विळ्याने कापीत व तिला राख लावीत. त्यातून धनुर्वात होई, व तो बहुतेक पहिल्या आठवड्यातच बाळाला गाठी. आपल्या आज्यांना कारण ठाऊक नव्हते, पण धोक्याचे दिवस बरोबर ठाऊक होते.

आनंदीबाई जोशी ह्यांची कथा आपण सर्वजणी जाणतोच. चौदाव्या वर्षी त्यांना मुलगा झाला व दहा दिवसांत गेला. योग्य उपचार मिळाले नाहीत, हे शल्य घेऊन त्या सातासमुद्रापार गेल्या व १८८६ साली फिलाडेल्फियास एम. डी. झाल्या. आपल्या शेजारच्या कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड इस्पितळात बायकांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली होती. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास त्या वारल्या. केवढी ही आपल्या भागाची हानी!

पुढे डॉ. विल्यम वानलेस १८८९ साली हिंदुस्थानात आले व १८९४ साली मिरजेस त्यांचे इस्पितळ उभे राहिले. दूरदूरच्या गावांहून माणसे तेथे येत. तरी निव्वळ मुलांचा असा डॉक्टर तेव्हा कोठे होता? मुंबईत परळला वाडियांचे मुलांचे इस्पितळ निघाले ते १९२९ साली. १९४९ साली सातारा जिल्ह्याचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग झाले, व १९६० साली दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली पडले. १९६२ साली मिरजेस सरकारी वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आणि १९६३ साली देशातल्या बालरोगतज्ज्ञांची संस्था स्थापन झाली. म्हणजे बाळाचा वेगळा डॉक्टर ही गोष्ट आपल्या आईच्या पिढीची. आणि २०१५ साली भारतातून नवजात बाळांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. सटवीच्या रात्रीची ती भीती आता उरली नाही.

असो. गेल्या वर्षी माझी लेक पहिलटकरीण होती. सातव्या महिन्यात आम्ही मायलेकी बाळाच्या डॉक्टरांना भेटून आलो. विहीणबाई म्हणाल्या, "अहो, बाळ यायच्या आधीच बाळाचा डॉक्टर कशाला? दृष्ट लागायची!" मी म्हटले, "विहीणबाई, सुईण नव्हत्या का आपण आधी सांगून ठेवीत? तसेच हे." तिसऱ्या दिवशी बाळ पिवळे दिसू लागले. डॉक्टर ओळखीचे, म्हणून लगेच दाखविता आले. दोन दिवस निळ्या दिव्याखाली ठेवले, नि कावीळ उतरली. विहीणबाईंनीच मग पेढे वाटले.

भगिनींनो, पाहायचे ते एवढेच. बाळंतपणाच्या वेळी डॉक्टर हजर राहतील का? रात्री बोलावले तर कोण येईल? घरापासून दवाखाना किती दूर? फी किती? आणि मुख्य म्हणजे, नव्या आईचे बोलणे ते नीट ऐकून घेतात का? सव्वा महिन्याने लेक सासरी जाणार, म्हणून तेथलाही डॉक्टर पाहून ठेवावा व लसींचे कार्ड बरोबर द्यावे. खाजगी डॉक्टर परवडत नसेल, तर सरकारी दवाखान्यात बाळाचे उपचार मोफत आहेत. दवाखान्यात बाळंतपण झाले, तरी आशाताई ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी घरी येऊन बाळ पाहतात. त्यांना दारातूनच वाटेला लावू नये.

पाचवी अवश्य पुजावी. ती आपल्या आज्यांची आठवण आहे. मात्र त्या दिव्याजवळ डॉक्टरांचा नंबरही लिहून ठेवावा.