मधुमेहोपचार व फुप्फुसकार्य : फिलिपिनो प्रौढांमधील संशोधन

मधुमेहामुळे आणि त्यावरील औषधांमुळे श्वसनक्षमतेत होणाऱ्या बदलांचा, फिलिपीन्समधील तसेच परदेशी स्थायिक झालेल्या फिलिपिनो प्रौढांच्या संदर्भात केला जाणारा वैद्यकीय अभ्यास. या समाजात मधुमेह, क्षयरोग आणि तंबाखूसेवन ही तिन्ही संकटे एकाच वेळी आढळतात. त्यामुळे एखाद्या औषधाचा परिणाम ठरवण्याआधी रुग्णाच्या फुप्फुसांची मूळ स्थिती जाणून घेणे येथे अपरिहार्य ठरते.

पार्श्वभूमी : आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाच्या २०२१ च्या अंदाजानुसार फिलिपीन्समध्ये सुमारे ४३ लाख प्रौढांना मधुमेह आहे. फिलिपिनो लोकांमध्ये हा विकार लठ्ठपणा नसतानाही दिसतो. मारिया रोसारिओ अरानेटा यांनी कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे फिलिपिनो-अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास केला, तेव्हा लठ्ठ नसलेल्या स्त्रियांतही टाइप-२ मधुमेहाचे प्रमाण बरेच आढळले. आशियाई वंशाच्या लोकांवरील अशा अभ्यासांच्या आधारे अमेरिकन डायबेटिस असोसिएशनने २०१५ मध्ये आशियाई-अमेरिकनांच्या मधुमेह-तपासणीसाठी शरीरवस्तुमान निर्देशांकाची मर्यादा २५ वरून २३ वर आणली.

क्षयरोग ही या देशाची जुनी व्यथा आहे. राष्ट्राध्यक्ष मान्युएल केसोन यांचा १९४४ मध्ये क्षयरोगानेच मृत्यू झाला. २०१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १५ वर्षांवरील लोकसंख्येत लाखामागे हजाराहून अधिक जणांना जंतुपरीक्षेने सिद्ध झालेला फुप्फुसांचा क्षयरोग आढळला. श्वसनविकारांवरील उपचार व संशोधनासाठी केसोन सिटी येथे १९८१ मध्ये ‘लंग सेंटर ऑफ द फिलिपीन्स’ ही संस्था स्थापन झाली.

मधुमेहाचा फुप्फुसांवरील परिणाम : रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली राहिली की फुप्फुसांतील कोलॅजेन या प्रथिनाशी तिचा संयोग होतो आणि ऊती ताठर बनतात. वायुकोशांभोवतालच्या केशवाहिन्यांच्या भित्तीही जाड होतात. परिणामी पूर्ण श्वास घेऊन जोराने बाहेर टाकलेली एकूण हवा (एफव्हीसी) आणि त्यातील पहिल्या सेकंदात बाहेर पडलेली हवा (एफईव्ही-१) ही दोन्ही मापे थोडी घटतात, मात्र त्यांचे परस्पर गुणोत्तर बहुधा टिकून राहते. दम्यात किंवा धूम्रपानामुळे श्वासमार्ग अरुंद झाल्यास हे गुणोत्तर उतरते. दोन्ही प्रकारची घट वेगळी ओळखता येते ती यामुळेच.

मापन व प्रमाणके : ही मापे स्पायरोमेट्री या तपासणीने घेतात. मिळालेल्या आकड्याची तुलना त्याच वयाच्या, उंचीच्या आणि लिंगाच्या निरोगी व्यक्तीच्या अपेक्षित आकड्याशी होते. पूर्वी श्वेतवर्णीयांची प्रमाणके काही टक्के घटवून आशियाई लोकांना लावली जात. ‘ग्लोबल लंग फंक्शन इनिशिएटिव्ह’ने २०१२ मध्ये ३ ते ९५ वयोगटातील ७४,१८७ निरोगी, धूम्रपान न करणाऱ्या व्यक्तींच्या नोंदींवरून नवी समीकरणे तयार केली. त्यांत आग्नेय आशियाई असा स्वतंत्र गट होता. पुढे वंशनिरपेक्ष समीकरण आले आणि अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २०२३ मध्ये त्याची शिफारस केली. एकच फिलिपिनो रुग्ण एका प्रमाणकानुसार निरोगी, तर दुसऱ्यानुसार क्षमता घटलेला ठरू शकतो. म्हणून कोणते समीकरण वापरले हे अभ्यासात नोंदवणे आवश्यक असते.

श्वासावाटे घ्यायचे इन्सुलिन : औषध आणि फुप्फुसकार्य यांचा थेट संबंध येतो तो या उपचारात. फायझर कंपनीच्या एक्झुबेरा या अशा इन्सुलिनला अमेरिका व युरोपात २००६ मध्ये परवानगी मिळाली, पण खप न झाल्याने कंपनीने २००७ मध्ये ते मागे घेतले. मॅनकाइंड कंपनीच्या अफ्रेझा या चूर्णरूप इन्सुलिनला अमेरिकेत जून २०१४ मध्ये मान्यता मिळाली. त्याच्या दोन वर्षांपर्यंतच्या चाचण्यांत एफईव्ही-१ मधील घट तुलनागटापेक्षा सरासरी ४० मिलिलिटरने अधिक होती. हा फरक पहिल्या तीन महिन्यांतच दिसला. दमा व सीओपीडी (श्वासमार्ग अरुंद करणारा जुनाट फुप्फुसविकार) असलेल्यांना श्वासनलिका आकुंचनाचा धोका असल्याने हे औषध वर्ज्य आहे. उपचारापूर्वी, सहा महिन्यांनी व त्यानंतर दरवर्षी स्पायरोमेट्री करावी लागते.

अफ्रेझाच्या या चाचण्यांत घट मोजताना जुनाट फुप्फुसविकार असलेले रुग्ण वगळले होते. त्यामुळे क्षयरोगाचे व्रण उरलेल्या फिलिपिनो रुग्णाला हे निष्कर्ष जसेच्या तसे लागू होत नाहीत. फिलिपीन्समध्ये सुमारे पाचपैकी एक प्रौढ तंबाखू वापरतो, आणि धूम्रपान करणाऱ्यांना हे इन्सुलिन देऊ नये अशी सूचना आहे.

क्षयरोग आणि मधुमेह एकत्र असताना : मधुमेहींना क्षयरोग होण्याचा धोका दुप्पट ते तिप्पट असतो. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन हे औषध यकृतातील विकरे उत्तेजित करून सल्फोनिलयुरिया गटातील मधुमेहाच्या गोळ्यांचा प्रभाव कमी करते, म्हणून अनेकदा इंजेक्शनच्या इन्सुलिनचा आधार घ्यावा लागतो. जंतू नष्ट झाल्यावरही व्रण व श्वासनलिकांची विकृती राहू शकते आणि दम लागणे सुरूच राहते. अशा रुग्णांची श्वसनक्षमता घटलेली दिसली तर तिचे खापर लगेच मधुमेहाच्या औषधावर फोडता येत नाही.

संशोधनातील दक्षता : विश्वासार्ह चाचणीत उपचारापूर्वीची स्पायरोमेट्री, छातीचा एक्स-रे, क्षयरोगाचा व धूम्रपानाचा इतिहास आणि तुलनागट या बाबी हव्यात. फिलिपीन्समध्ये औषधचाचण्यांचे नियमन तेथील अन्न व औषध प्रशासन करते. २०१३ च्या राष्ट्रीय आरोग्य संशोधन व्यवस्था कायद्याने नैतिक परीक्षणाच्या चौकटीला वैधानिक आधार दिला. सहभागी व्यक्तीला संमतिपत्र तिच्या भाषेत समजावून मिळणे हा तिचा हक्क आहे.

भारताशी संबंध : अफ्रेझाच्या भारतातील विपणनासाठी मुंबईस्थित सिप्ला कंपनीला केंद्रीय औषध नियामकाने डिसेंबर २०२४ मध्ये मान्यता दिली. क्षयरोग आणि मधुमेह यांचा दुहेरी भार भारतही वाहतो. म्हणून क्षयरोग होऊन गेलेल्या रुग्णांना चाचणीत कसे सामावून घ्यावे, या प्रश्नाचे फिलिपीन्समधून मिळणारे उत्तर येथील डॉक्टरांनाही उपयोगी पडेल.