खिशातलं पिस्तूल, हातातला विळा

हत्यार लपवायचं तर ते चपटं हवं. रिव्हॉल्व्हरचं काडतुसांचं गोल चक्र कोटाखाली फुगतं; ब्राउनिंग पिस्तुलाच्या मुठीत काडतुसं एकावर एक बसतात. 1909 मध्ये सावरकरांनी लंडनहून चतुर्भुज अमीन या स्वयंपाक्याबरोबर अशी 20 ब्राउनिंग पाठवली, पेटीच्या चोरतळातून. 21 डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद थिएटरात अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर त्यातलंच एक झाडलं. 1878 च्या कायद्याने परवान्याशिवाय शस्त्र बाळगणं गुन्हा होता, त्यामुळे लपवणं भागच होतं. पण याच पिस्तुलांचा माग काढत पोलीस सावरकरांपर्यंत पोचले.

यवतमाळने दुसरी वाट धरली. 10 जुलै 1930 ला पुसदजवळ लोकनायक अण्यांनी सरकारी जंगलातलं गवत कापलं, तेही आधी जाहीर करून. विळा कशाला झाकायचा? अटक झालीच. वर्षभराने पुण्यात वासुदेव गोगटेंनी हॉटसनवर गोळी झाडली, ती त्याच्या खिशातल्या पाकिटाच्या धातूच्या बटणावर आदळली. हॉटसन वाचला.

आज परवाना जिल्हाधिकारी देतात, आणि 2016 चे नियम सांगतात की सार्वजनिक ठिकाणी हत्यार होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकूनच न्यायचं. म्हणजे लपवणं आता कायदेशीर कर्तव्य! 2014 मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने बायकांसाठी ‘निर्भीक’ रिव्हॉल्व्हर काढलं. वजन अर्धा किलो, किंमत सव्वा लाखाच्या आसपास. तेवढ्या पैशांसाठी किती क्विंटल कापूस विकावा लागतो, ते यवतमाळात कुणालाही विचारा.