पगारातून कापलेला पैसा कोणाचा?

"हातात किती पडतात?" आपल्याकडे पगार विचारायची ही पद्धत. कागदावर किती, यापेक्षा कापून किती उरतात यावरच माणसाचा विश्वास. आमच्या तालुक्याच्या एमआयडीसीत काम करणारी पोरं माझ्याकडे अधूनमधून पगाराची स्लिप घेऊन येतात. "दादा, हे पीएफ अन् ईएसआयचं काय असतं? उगाच पैसे कापतात." त्या 'उगाच'ला उत्तर द्यायचं तर जरा मागे जावं लागतं. म्हणून आजची पोस्ट मोठी आहे. सवडीने वाचा.

कपात हा शब्द गिरणगावाला फार आधीपासून माहीत होता. फक्त तेव्हा कापलेला पैसा मालकाच्याच खिशात राहायचा. उशिरा आलात, दंड. कापडात दोष निघाला, दंड. काही गिरण्यांत तर बिघडलेलं कापड विणकराच्याच गळ्यात मारायचे आणि त्याची किंमत पगारातून वळती करायचे. सगळ्यात वाईट प्रकार म्हणजे डबल खाडा. एक दिवस गैरहजर राहिलात तर दोन दिवसांचा पगार गेला. 'खाडा' शब्द आपण आजही वापरतो, पण त्यामागची ही मार आपण विसरलो.

पगारही वेळेवर मिळत नसे. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांना एकत्र करून सरकारकडे मागण्या मांडल्या. आठवड्याला एक सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, जखमी झाल्यास भरपाई या मागण्या त्यात होत्या. त्याच यादीत आणखी एक साधी मागणी होती: मागच्या महिन्याचा पगार निदान पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत द्या. यावरून तेव्हाची परिस्थिती ओळखा.

त्या मागणीला कायद्याचं बळ मिळायला ५२ वर्षं लागली. १९२९ मध्ये मजुरांच्या प्रश्नावर व्हिटली आयोग नेमला गेला. आपले ना. म. जोशी त्याचे सदस्य होते. आयोगाचा अहवाल १९३१ ला आला आणि १९३६ साली वेतन प्रदान कायदा झाला. पगार कोणत्या मुदतीत द्यायचा आणि त्यातून काय कापता येईल, हे त्यात लिहून ठेवलं. त्या यादीबाहेरची कपात बेकायदा. गैरहजेरीची कपात गैरहजेरीच्या प्रमाणातच. दंडाला मर्यादा घातली, रुपयाला अर्धा आणा. आणि तो दंडही मालकाने ठेवायचा नाही, कामगारांच्याच हितासाठी खर्च करायचा. एक पळवाट मात्र राहिली. दहा किंवा जास्त कामगार नोटीस न देता मिळून कामावर आले नाहीत, तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापायची मुभा होती. संपाची भीती कायद्यालाही होती, एवढाच त्याचा अर्थ.

इथपर्यंत भांडण होतं ते 'कापू नका' एवढंच. पुढे विचार बदलला. कामगार आजारी पडला, म्हातारा झाला तर काय, हा प्रश्न समोर आला. १९४३ मध्ये प्रा. बी. पी. अदारकर यांच्यावर कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखायचं काम सोपवलं गेलं. त्यांनी १९४४ ला अहवाल दिला. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खातं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांकडे होतं. त्याच वाटेने पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा झाला. २४ फेब्रुवारी १९५२ ला कानपुरात पंडित नेहरूंच्या हस्ते योजना सुरू झाली. भविष्य निर्वाह निधीचा कायदाही १९५२ चाच. सुरुवातीला त्यात कापड, सिमेंट, कागद, सिगारेट, लोखंड-पोलाद आणि इंजिनिअरिंग असे सहाच उद्योग होते.

त्या वेळी पीएफची कपात किती होती? सव्वासहा टक्के. म्हणजे रुपयाला एक आणा. दंडाचा कमाल दर अर्धा आणा होता, इथे थेट एक आणा. पण या आण्याची गोष्ट वेगळी होती. तो कामगाराच्या नावावर जमा होणार होता आणि तेवढाच आणा मालकाने पदरचा घालायचा होता. कपात तीच, पण पैशाचा मालक बदलला. माझ्या मते आपल्या कामगार चळवळीची ही फार मोठी कमाई आहे, आणि तिच्याबद्दल आपण फार कमी बोलतो.

आता आजच्या स्लिपवर या. समजा सगळे मिळून पगार १४,००० आहे आणि सगळ्यावर पीएफ धरलाय. तुमचे १२ टक्के म्हणजे १,६८० पीएफला जातात, ०.७५ टक्के म्हणजे १०५ रुपये ईएसआयला. तुमचे कापले १,७८५. मालकाने भरायचे पीएफचे १,६८० (त्यातले साधारण १,१६६ पेन्शनला) आणि ईएसआयचे ३.२५ टक्के, म्हणजे ४५५. एकूण २,१३५. म्हणजे तुमच्यापेक्षा जास्त. त्या १०५ रुपयांत तुम्हाला आणि घरच्यांना उपचार मिळतात. नियमात बसत असाल तर आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के पगार मिळतो आणि बाईमाणसाला २६ आठवड्यांची पगारी बाळंतपणाची रजा. याला 'उगाच' म्हणायचं का?

मग तक्रार कशाची? तक्रार आहे ती कापून न भरण्याची. आमच्याकडे ठेकेदाराकडचे कामगार स्लिप दाखवतात. त्यावर दर महिन्याची कपात असते, पण पासबुक काढलं तर मधले चार-चार महिने कोरे. कळतं कधी? घरात कुणी दवाखान्यात गेल्यावर. हा नुसता उशीर नाही. १९७३ साली पीएफसाठी आणि १९७५ साली ईएसआयसाठी दंडविधानात स्पष्ट लिहिलं गेलं, की पगारातून कापलेली वर्गणी मालकाकडे फक्त विश्वासाने ठेवलेली असते. ती भरली नाही तर तो फौजदारी विश्वासघात. नव्या न्यायसंहितेतही ते कायम आहे.

दुसरी युक्ती सीटीसीची. मालकाचा वाटा कामगाराच्या पगारातून कापायला कायद्याने मनाई आहे. म्हणून आता तो कापत नाहीत, नेमणुकीच्या पत्रातल्या मोठ्या आकड्यातच आधी धरून ठेवतात. १८,००० सांगतात, त्यात मालकाचा पीएफही आलेला असतो. कागदोपत्री नियम पाळला जातो आणि दुसरा आणाही कामगाराच्याच हिशोबात जातो.

म्हणून नोकरी करणाऱ्या प्रत्येकाने, मुलीबाळी कामाला जात असतील त्यांनीही, तीन गोष्टी कराव्यात. स्लिप लेखी मागा आणि जपून ठेवा. यूएएन नंबर स्वतःकडे घ्या आणि उमंग ॲपवर दर महिन्याला पासबुक बघा. ईएसआयचा विमा क्रमांक पाठ असू द्या. आणि "मालकाने भरले नाहीत, तुला काही मिळणार नाही" असं कुणी म्हणालं तर लगेच मागे फिरू नका. मालकाने हप्ता चुकवला तरी लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करायचा अधिकार विमा महामंडळाला कायद्यानेच दिलेला आहे.

ज्यांच्या स्लिपवर कपात दिसते पण पासबुकात पैसे दिसत नाहीत, त्यांनी मला मेसेज करा. नाव छापणार नाही. चार-पाच जणांची कागदपत्रं एकत्र आली, की विचारायला मी स्वतः येतो.