सळई येईपर्यंत

१९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग रुग्णालयात राल्फ मार्कोव्ह हे हाडांचे सर्जन मुलांचे पाय वाचवण्याच्या खटपटीत होते. गुडघ्याशी कर्करोगाची गाठ झाली की मांडीतून पाय काढून टाकायचा, ही तेव्हाची रीत. मार्कोव्ह गाठीसकट हाडाचा तेवढाच तुकडा काढून त्या जागी धातूचं हाड आणि धातूचा गुडघा बसवू पाहत होते. पण असा सांधा तयार मिळत नसे. एक्स-रेवरून माप घ्यायचं, कारखान्याला कळवायचं आणि दोन-तीन महिने वाट पाहायची. तेवढे दिवस गाठ अंगात ठेवून हातावर हात धरून बसणार कसं? मुलांच्या कर्करोगाचे डॉक्टर जेराल्ड रोझेन यांनी मग शस्त्रक्रियेनंतर द्यायची औषधं आधीच सुरू केली. सांधा येईपर्यंत रोग आटोक्यात राहावा, एवढाच हिशेब.

हाडाच्या कर्करोगात आज जगभर ‘आधी केमो, मग ऑपरेशन, मग पुन्हा केमो’ असा जो क्रम चालतो, त्याचं मूळ बऱ्याच अंशी कारखान्याच्या या दिरंगाईत आहे. ज्या धातूपायी केमो आधी आली, त्याच धातूला हाडाशी जुळताना ती आडवी येते, हे मात्र पुढे हळूहळू उलगडत गेलं.

हा रोग म्हणजे ऑस्टिओसार्कोमा. तो बहुतेक वेळा दहा ते वीस या वयात, उंची झपाट्याने वाढत असताना येतो आणि बहुधा गुडघ्याच्या आसपास: मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला नाहीतर नडगीच्या वरच्या टोकाला. पाय काढूनही पूर्वी पाचातलं जेमतेम एक मूल वाचे, कारण निदान होईपर्यंत रोगाच्या पेशी बहुधा फुप्फुसात पोचलेल्या असत. बोस्टनमध्ये नॉर्मन जॅफी यांनी मेथोट्रेक्सेट हे औषध एरवी जीवघेणं ठरेल इतक्या मोठ्या मात्रेत दिलं आणि ठरावीक तासांनी ल्युकोव्होरिनचा उतारा देऊन शरीराच्या निरोगी पेशी वाचवल्या. त्यांचे निष्कर्ष १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी अॅड्रियामायसिन, म्हणजे डॉक्सोरुबिसिन, याचेही गुण जाहीर झाले. तरीही शंका घेणारे होतेच. १९८६ मध्ये एका अमेरिकी चाचणीने त्यांची तोंडं बंद केली. नुसती शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी दोन वर्षांनी १७ टक्के रोगमुक्त होते. शस्त्रक्रियेला केमोची जोड मिळालेल्यांपैकी ६६ टक्के. त्याच वर्षी मायकेल सायमन आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाच्या गाठीत पाय राखला म्हणून जीव जाण्याचं प्रमाण वाढत नाही. पाय वाचवणं हे धाडस तिथून पुढे नेहमीची शस्त्रक्रिया होत गेलं.

धातूची वंशावळ याहून जुनी. १९४० मध्ये अमेरिकेत ऑस्टिन मूर आणि हॅरॉल्ड बोलमन यांनी एका रुग्णाच्या मांडीच्या हाडाचा गाठ झालेला वरचा भाग काढून तिथे व्हायटॅलियम या मिश्रधातूचा सुमारे फूटभर लांबीचा तुकडा बसवला. पुढच्या दशकांत लंडनजवळच्या स्टॅनमोर इथे जॉन स्केल्स यांच्या चमूने रुग्णागणिक मापाची हाडं घडवण्याची शाळाच काढली. वाढत्या मुलांसाठी नंतर लांबवता येणारं धातूचं हाड तिथलंच. पुढे अशा सांध्यांत धातूची दांडी उरलेल्या हाडाच्या पोकळीत घालून बोन सिमेंटने पक्की करू लागले. सिमेंट काही मिनिटांत घट्ट होतं आणि रुग्ण लवकर पायावर उभा राहतो. म्हाताऱ्या माणसाला हे पुरतं. पंधरा वर्षांच्या मुलाला त्याच पायावर पुढची पन्नास-साठ वर्षं काढायची असतात. चालताना सुटणारे बारीक कण हाड आणि सिमेंट यांच्या फटीत शिरतात, हाड झिजतं आणि दांडी हलू लागते. म्हणून हाडानेच धातू धरावा, ही कल्पना मोहक ठरली.

ती आली स्वीडनमधून. १९५२ मध्ये लुंड इथे पेर-इंग्वार ब्रोनेमार्क सशाच्या पायाच्या हाडातला रक्तप्रवाह टायटॅनियमच्या छोट्या चौकटीतून न्याहाळत होते. प्रयोग संपल्यावर महागड्या चौकटी काढून पुन्हा वापरायच्या होत्या, पण त्या निघेनात. हाडाने त्यांना जणू आपलंसं केलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमचे खुंट बसवले. दंतवैद्यांकडून ती विद्या सांध्यांकडे आली. १९८० च्या दशकात व्हिएन्नाच्या रायनर कोट्झ यांनी सिमेंटशिवाय बसणारा, सुटे भाग जोडून हवा तेवढा लांब करता येणारा सांधा आणला. माप देऊन थांबायची गरजही त्यामुळे उरली नाही. केमो मात्र आपल्या जागी कायम राहिली.

ती का राहिली, हे मला या कुळकथेतलं सर्वांत गमतीचं प्रकरण वाटतं. आधी औषध दिल्यामुळे काढलेली गाठ सूक्ष्मदर्शकाखाली बघून औषध लागू पडलं की नाही ते कळू लागलं. अँड्र्यू हुव्होस यांनी त्याची प्रतवारी केली. नव्वद टक्क्यांहून जास्त गाठ मेलेली असेल तर रुग्णाचं भवितव्य चांगलं, हा निकष आजही वापरात आहे. पण आधी केमो दिल्याने जास्त मुलं जगतात का? २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक चाचणीत आधी केमो आणि आधी शस्त्रक्रिया या दोन्ही गटांत जगण्याच्या प्रमाणात फरक आढळला नाही. नाइलाजाने सुरू झालेली गोष्ट सोयीची म्हणून टिकली. गाठ आकसते, सर्जनला आखणीला सवड मिळते, औषधाची परीक्षा होते. पण या क्रमामुळे सांधा बसवण्याची वेळ नेमकी दोन केमोंच्या मधे आली.

हाड धातूला धरतं ते जिवंतपणे. पोकळीत दांडी ठोकल्यावर रक्त साकळतं, त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, मागोमाग हाड रचणाऱ्या पेशी येतात, भराभर वाढतात आणि धातूच्या खडबडीत पृष्ठभागावर नवं हाड घालतात. याला महिने लागतात. मेथोट्रेक्सेट, डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन यांचं कामच मुळी भराभर वाढणाऱ्या पेशींना मारण्याचं. गाठीची पेशी कोणती आणि हाडाचं बांधकाम करणारी कोणती, हे त्यांना उमगत नाही. अमेरिकेत गॅरी फ्रीडलेंडर यांनी १९८४ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दाखवलं की मेथोट्रेक्सेट आणि डॉक्सोरुबिसिन या दोन्हींमुळे नवं हाड तयार होण्याचा वेग निम्म्याहून जास्त घटतो. मेयो क्लिनिकमध्ये कुत्र्यांच्या मांडीत धातूचा तुकडा बसवून सिस्प्लॅटिन दिलं, तेव्हा धातूभोवती नवं हाड कमी आलं. २००७ मध्ये माणसांवरचा अभ्यास आला. त्यातल्या सांध्यात हाडाच्या टोकावर स्प्रिंगने सतत दाब ठेवून हाड जाड व्हायला लावतात. केमो घेणाऱ्यांच्या एक्स-रेत ते कमी जाड झालेलं दिसलं. याचा अर्थ हाड धरतच नाही असा नव्हे. ते उशिरा धरतं, आणि तोवर दांडी हलू न देणं ही सर्जनची जबाबदारी.

किरणोत्सर्गाची गोष्ट निराळी. केमोचा असर औषध थांबल्यावर ओसरत जातो. किरणांनी हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या कायमच्या बुजतात, आणि पुढची कित्येक वर्षं ते हाड धातू धरायला नाखूश राहतं. त्यात जंतुसंसर्गाची भीती वाढते. केमोने पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना धातूवर जंतूंनी ठाण मांडलं, तर कधीकधी इतक्या कष्टाने राखलेला पायच काढावा लागतो. माझ्या मते सैल झालेल्या दांडीपेक्षा हा शत्रू मोठा, कारण दांडी बदलता तरी येते.

या कोंडीतून स्टॅनमोरच्या लोकांनी काढलेली वाट मला मनापासून आवडते. दांडी सिमेंटनेच बसवायची, म्हणजे आज चालता येईल. पण हाडाच्या कडेला टेकणाऱ्या धातूच्या गळपट्टीवर खाचा पाडून हायड्रॉक्सीअॅपटाइट या हाडातल्याच खनिजाचा लेप द्यायचा. केमो संपल्यावर हाड सावकाश त्या गळपट्टीवर चढतं आणि फट बुजवतं. जिथे हाड असं चढलं, तिथे दांड्या सैल होण्याचं प्रमाण कमी आढळलं.

आपल्याकडे प्रश्नाला पैशाची बाजूही होती. चेन्नईत मयिल नटराजन यांनी १९८८ पासून देशातच घडवलेले स्टेनलेस स्टीलचे सांधे बसवायला सुरुवात केली. परळच्या टाटा रुग्णालयातही परदेशी सांध्याच्या तुलनेत स्वस्त देशी सांधा रुळला. तिथे आणखी एक मार्ग वापरतात: रुग्णाचंच हाड काढायचं, गाठ खरवडायची, हाडाला शरीराबाहेर एकाच वेळी ५० ग्रे इतका किरणोत्सर्ग द्यायचा आणि ते परत बसवायचं. ते हाड मेलेलं असतं, पण माप तंतोतंत. जिवंत हाडाने त्याला दोन्ही टोकांना धरायचं असतं, तेही केमो चालू असताना. औषधांच्या बाबतीतही टाटाने आपली वाट धरली. मोठ्या मात्रेतल्या मेथोट्रेक्सेटला रक्तातल्या पातळीवर बारीक लक्ष ठेवावं लागतं, खाट अडते, खर्च वाढतो. म्हणून डॉक्सोरुबिसिन, सिस्प्लॅटिन आणि आयफॉस्फमाइड यांवर आधारलेला क्रम तिथे वापरात आला.

मग हाड नीट धरेपर्यंत पुढची केमो थांबवावी का? हा विचार कुणाच्याही मनात यावा इतका साधा आहे, पण उत्तर ठाम आहे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर केमो पुन्हा सुरू व्हायला २१ दिवसांहून जास्त उशीर झालेल्यांचं जगण्याचं प्रमाण कमी आढळलं. हाडाला महिने लागतात. औषध तीन आठवड्यांहून जास्त थांबवता येत नाही. तडजोड करायची ती धातूने.