रेसकोर्सवरची छत्री: ऊन, पाऊस आणि प्रतिष्ठा

१/ जून १९१०. इंग्लंडमधील अ‍ॅस्कॉटच्या घोड्यांच्या शर्यती. एरवी येथे फिकट रंगांच्या रेशमाची आणि लेसची उधळण असे. त्या वर्षी मात्र टोप्या, पोशाख, हातमोजे आणि छत्र्याही काळ्या होत्या. हा प्रसंग ‘ब्लॅक अ‍ॅस्कॉट’ म्हणून ओळखला जातो. छत्रीसारख्या साध्या वस्तूला एवढे महत्त्व कसे आले? #थ्रेड

२/ अ‍ॅस्कॉटचे मैदान राणी अ‍ॅन हिने १७११ साली विंडसरजवळ सुरू केले. १८२५ पासून राजघराण्याच्या बग्ग्या मिरवणुकीने मैदानात येऊ लागल्या. निमंत्रितांसाठी राखीव कक्ष, तर समोरच्या ‘हीथ’ या मोकळ्या माळावर सामान्यांची गर्दी. दोन्हींच्या डोक्यावर आभाळ मात्र एकच, तेही जूनमधले बेभरवशाचे.

३/ छत्रीचा मूळ शत्रू पाऊस नव्हे, ऊन. ‘अम्ब्रेला’ या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील ‘सावली’ आहे; संस्कृतातील ‘आतपत्र’ म्हणजे उन्हापासून रक्षण करणारे. अ‍ॅसिरियाच्या शिल्पांत राजावर सेवक छत्र धरतो. १६७४ मध्ये शिवरायांनी राज्याभिषेकसमयी धारण केलेल्या ‘छत्रपती’ या पदवीतही तेच राजचिन्ह आहे.

४/ युरोपात हे छत्र आकसून स्त्रियांच्या हातातील ‘पॅरासोल’ झाले. उन्हाने रापलेली त्वचा ही शेतात राबणाऱ्यांची खूण मानली जाई. गोरेपणा हे आरामाचे प्रमाणपत्र होते. म्हणून रेशीम, लेस आणि हस्तिदंती मुठीची नाजूक छत्री. पावसाची एक सर आली की तिचे काम संपले.

५/ पावसाच्या छत्रीची कथा अगदी उलट. अठराव्या शतकात जोनास हॅनवे हा गृहस्थ लंडनमध्ये सुमारे ३० वर्षे छत्री घेऊन फिरला आणि लोकांच्या टिंगलीचा धनी झाला. भाड्याच्या गाड्या हाकणाऱ्यांचा राग तर स्वाभाविकच होता, कारण पाऊस हाच त्यांचा कमाईचा काळ. शिवाय छत्री बाळगणे म्हणजे स्वतःची बग्गी नसल्याची जाहीर कबुली!

६/ रेसच्या दिवशी छत्री निवडणे अवघड होते ते यामुळे. उन्हाची छत्री घ्यावी तर पावसात महागडा पोशाख जाणार. पावसाची घ्यावी तर चारचौघांत साधेपणा उघडा पडणार. त्यात उघडलेली छत्री मागच्यांची दृष्टी अडवते आणि घोड्याजवळ ती अचानक उघडली तर तो बुजतो.

७/ हा पेच काही अंशी पोलादाने सोडवला. जुन्या छत्र्यांच्या काड्या वेताच्या किंवा व्हेलच्या जबड्यातील लवचिक पट्ट्यांच्या असत. भिजल्यावर छत्री जड होई. १८५२ मध्ये शेफील्डजवळच्या स्टॉक्सब्रिज येथील सॅम्युअल फॉक्स याने पन्हळीच्या आकाराच्या हलक्या पोलादी काड्या आणल्या. घट्ट गुंडाळलेली छत्री आता हातातील काठीसारखी दिसू लागली आणि ती बाळगण्यातला कमीपणा सरला.

८/ आता पुन्हा १९१०. शर्यतींचा शौकीन राजा सातवा एडवर्ड ६ मे रोजी निवर्तला. त्याच दिवशी केम्प्टन पार्क येथे त्याची घोडी जिंकली होती. महिन्याभराने आलेले अ‍ॅस्कॉट रद्द न करता शोकवस्त्रांत पार पडले. शोकाचे ‘क्रेप’ हे कापड भिजले की आक्रसे, रंगही उतरे. म्हणजे शोक पाळतानाही नजर आभाळाकडे ठेवणे भागच होते.

९/ १९२० च्या दशकात रापलेली त्वचा हीच सुट्टीची आणि सुबत्तेची खूण ठरली. कष्टकरी आता कारखान्याच्या छपराखाली होता. पॅरासोल मागे पडला, पावसाची छत्री टिकली. तिची मर्यादा मात्र १४ जुलै १९५५ रोजी दिसली. रेल्वे संपामुळे लांबलेल्या अ‍ॅस्कॉटमध्ये वादळात हीथवर वीज कोसळली. दोघांचा मृत्यू झाला, अनेक जण जखमी झाले.

१०/ महाराष्ट्रात रेसचे वेळापत्रकच आभाळ पाहून ठरलेले आहे: हिवाळ्यात मुंबईचे महालक्ष्मी, पावसाळ्यात पुणे. ब्रिटिश काळात मुंबईचे गव्हर्नरही पावसाळ्यात पुण्यास मुक्कामी येत. पुण्याच्या रेसला जाणाऱ्यापुढे ऊन की पाऊस हा प्रश्न फारसा नसे.

११/ छायाचित्रांत दिसणाऱ्या छत्र्या म्हणून दुर्लक्षू नयेत. छत्री लेसची की साधी, उघडी की मिटलेली, आणि ती स्वतः धरली आहे की दुसऱ्याने, एवढे पाहिले तरी त्या माणसाचे समाजातील स्थान बरेचसे कळते. (समाप्त)