हाडांचा हिशोब: खडकवासला ते घोडबंदर रोड

राकेश शर्मा म्हटलं की आपल्याला इंदिरा गांधींशी अंतराळातून झालेलं ते बोलणं आठवतं. पण खडकवासल्याच्या एनडीएत घडलेले आणि पुढे नाशिकजवळ ओझरला एचएएलमध्ये विमानांच्या चाचण्या घेणारे हे वैमानिक तिथे वर आणखी एक काम करत होते. योगासनं!

एप्रिल 1984. सोव्हिएत स्थानक सल्यूत-7. जवळपास आठ दिवसांच्या त्या मोहिमेत योगासनं हा रीतसर प्रयोग होता. अंगावरचं वजनच नाहीसं झालं तर शरीराचं काय होतं आणि योगाने ते सावरता येतं का, हे बघायचं होतं.

ही काळजी जुनी होती. 1965 मध्ये अमेरिकेच्या जेमिनी यानांतून परतलेल्यांच्या टाचेच्या हाडांचे एक्स-रे काढले, तर हाड विरळ झालेलं दिसलं. जून 1970 मध्ये सोयूझ-9 मधले निकोलायेव्ह आणि सेवास्त्यानोव्ह अठरा दिवसांनी उतरले, तेव्हा त्यांना धड उभंही राहता येईना. पुढे 1973-74 मध्ये स्कायलॅबवरच्या तीन तुकड्या 28, 59 आणि 84 दिवस राहिल्या. त्यांच्या लघवीतून कॅल्शियम जास्त जात होतं. म्हणजे हाडं अक्षरशः झिजून बाहेर पडत होती.

असं का होतं? हाड म्हणजे निर्जीव खांब नाही. त्यात जुनं हाड खोदणाऱ्या पेशी असतात, नवं भरणाऱ्या असतात. चालताना, जिना चढताना हाडावर भार येतो आणि भरणाऱ्यांना कामाचा निरोप मिळतो. भार गेला की खोदकाम चालूच, भराव मात्र बंद. घोडबंदर रोडच्या माणसाला हे वेगळं समजवायची गरज नाही!

अंतराळात कमरेचं आणि मांडीचं हाड महिन्याला साधारण 1 ते 1.5 टक्का घटतं. पाळी गेलेल्या बाईचं तेवढं हाड घटायला वर्षभर लागतं.

उपाय सापडला, भार द्या. रशियाचे पोल्याकोव्ह 437 दिवस वर राहून मार्च 1995 मध्ये उतरले ते स्वतःच्या पायांनी चालले, कारण वर रोज नेमाने व्यायाम. आज अंतराळ स्थानकावर दिवसातले दोनेक तास व्यायामाला राखून ठेवलेले असतात. 286 दिवस राहिलेल्या सुनीता विल्यम्सनाही तो चुकला नाही. तरीही 2022 मध्ये 17 अंतराळवीरांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातल्या निम्म्याहून जास्त जणांच्या नडगीचं हाड वर्षभरानंतरही पूर्ण भरून आलं नव्हतं.

आता मुद्दा. या परिणामांचा अभ्यास जमिनीवर कसा करतात माहितीये? धडधाकट माणसांना आठवडेच्या आठवडे पलंगावर झोपवून ठेवतात. हाडं झिजायला तेवढं पुरतं.

आता मानपाडा, वाघबीळ, कासारवडवलीच्या टॉवरमधले आपले आई-बाबा आठवा. पलंग, सोफा, टीव्ही, परत पलंग. खाली उतरावं तर फुटपाथ एक तर नाही, किंवा त्यावर गाड्या. कुठे खोदलेलं, कुठे पत्रे लावलेले. "नको रे बाबा, पडले तर?" ही भीती खोटी नाही. पण पडण्याच्या भीतीने घरात बसलं की हाड आणखी ठिसूळ होतं. मग एके दिवशी बाथरूममध्ये पाय घसरतो, खुब्याचं हाड मोडतं आणि घर अंथरुणाभोवती फिरायला लागतं.

अंतराळवीराला चालायला यंत्र पाठवतात. आपल्या आईला दोनशे मीटर सपाट फुटपाथ मिळत नाही.

म्हणून दोन गोष्टी. आज संध्याकाळी त्यांचा हात धरून सोसायटीत तरी एक फेरी मारा. हाडं आधीच नाजूक असतील तर डॉक्टरांना विचारून. आणि पुढच्या वेळी कोणी मत मागायला आलं, की मेट्रो कधी धावणार हे विचाराच, पण गेटपासून बसस्टॉपपर्यंत माझी आई न पडता कधी चालू शकेल, हेही विचारा.