तळणीचे उरलेले तेल
१४. येथे अभिप्रेत आहे ते पुण्यातील उपाहारगृहांत वारंवार तळून काळवंडलेले खाद्यतेल. त्यातील ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांवर गेली की १ जुलै २०१८ पासून ते खाण्यासाठी वापरण्यास मनाई आहे. तेव्हा ते स्वस्तात पुन्हा गाडीवाल्यांच्या कढईत जाण्यापेक्षा बायोडिझेलसाठी देणे केव्हाही श्रेयस्कर. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालले होते, मग ट्रकच्या टाकीत हे तेल थेट का ओतू नये, असा प्रश्न मजकुरातील वाहतूकदार करतो. पण खाद्यतेल डिझेलपेक्षा सुमारे दहापट दाट असते. आजच्या इंजेक्टरच्या बारीक छिद्रांवर त्याची काजळी धरते. मिथेनॉलशी प्रक्रिया होऊन ग्लिसरीन वेगळे झाले म्हणजेच ते इंजिनाजोगे पातळ होते. त्यातही जुन्या गाड्यांचे रबरी नळ शुद्ध बायोडिझेलने फुगतात, म्हणून अल्प मिश्रणच इष्ट. २०१८ च्या राष्ट्रीय धोरणातील उद्दिष्टही २०३० पर्यंत ५ टक्क्यांचेच आहे. — संपा.